बाळंतविडा

बाळंतविडा म्हणजे मूल जन्मल्यानंतर बाळंतीण व नवजात बाळ यांना माहेरकडून, आप्तांकडून आणि मैत्रिणींकडून दिली जाणारी पारंपरिक भेट होय. तीत बाळाचे कपडे, अंथरूण-पांघरूण, खेळणी व बाळलेणी, तसेच बाळंतिणीसाठी लुगडे-चोळी व पौष्टिक खाद्यपदार्थ यांचा समावेश असतो. महाराष्ट्रात सर्वत्र आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांतही ही प्रथा आढळते. बाळंतविड्यातील वस्त्रे पूर्वी बहुतेक घरीच, हातशिलाईने आणि मुख्यतः वापरून मऊ झालेल्या सुती कापडातून तयार केली जात. सुती लुगड्यांचा रोजचा वापर कमी झाल्यावर व तयार कपडे सहज मिळू लागल्यावर या प्रथेचे स्वरूप बरेच बदलले आहे.

शब्द व अर्थ

विडा म्हणजे नागवेलीच्या पानांचा, सुपारी वगैरे घालून केलेला विडा. मराठी समाजात विडा देणे हे मान देण्याचे चिन्ह मानले जाते. लग्नकार्य, निमंत्रण, पूजा अशा प्रसंगी वस्तू विड्यासह देण्याची रीत आहे. बाळंतिणीला मानाने दिलेली भेट या अर्थी बाळंतविडा हा शब्द वापरला जातो. बाळाच्या कपड्यांना एकत्रितपणे ‘अंगडे-टोपडे’ किंवा ‘झबले-टोपडे’ म्हणतात, तर वाळे, बिंदल्या, मनगट्या, साखळी इत्यादी दागिन्यांना ‘बाळलेणी’ म्हणतात.

प्रसंग व देणारे

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत असल्यामुळे बाळंतविड्याची मुख्य जबाबदारी परंपरेने मुलीच्या आईवर असे. मुलगी सातव्या महिन्याच्या सुमारास माहेरी आल्यानंतर घरातील आजी, आई, मावशी व मामी दुपारच्या फावल्या वेळात शिवणाला बसत. काही कुटुंबांत मात्र मूल सुखरूप जन्माला येण्यापूर्वी त्याच्यासाठी नवे कपडे शिवू नयेत, असा संकेत पाळला जाई. अशा घरांत आधी केवळ जुने कापड धुऊन, फाडून, घड्या घालून ठेवले जाई आणि टाके मागाहून घातले जात.

जन्मानंतर पाचव्या व सहाव्या दिवशी पाचवी व षष्ठीपूजन होते. त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते, अशी लोकसमजूत आहे. बाराव्या दिवशी किंवा सोयीच्या दिवशी बारसे होते. अनेक घरांत बारशापर्यंत बाळाला जुन्या कापडाचेच कपडे घालतात आणि बारशाला प्रथम नवे झबले-टोपडे चढवतात. बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगण्याचा मान आत्याचा असल्याने तिच्याकडून येणाऱ्या कपड्यांना विशेष महत्त्व असते. बारशाला आलेल्या शेजारणी व मैत्रिणी दुपटे, टोपडे, विणलेले मोजे किंवा कापडी खेळणे अशी लहान वस्तू देतात. बाळंतीण बाळासह सासरी परतते तेव्हा माहेरकडून पूर्ण बाळंतविडा पाठवला जातो.

घटक

बाळंतविड्यातील वस्तू प्रदेशानुसार व ऐपतीनुसार बदलतात. सामान्यतः पुढील वस्तू आढळतात.

झबले: बाळाचा सैल, बिनकॉलरचा अंगरखा. तो पुढे किंवा मागे उघडा असून बंदांनी बांधला जातो. गुंड्या नसल्याने कापडाखाली काही टोचत नाही आणि बाळ वाढेल तसे झबले सैल करता येते.

टोपडे: डोके व कान झाकणारी मऊ कापडाची टोपी.

कुंची: टोपडे व त्याला मागे जोडलेला लांब पदर मिळून झालेले वस्त्र. डोके, मान व पाठ एकाच वेळी झाकली जात असल्याने थंडीत व वाऱ्यात बाळाला बाहेर नेताना कुंची घालतात. समारंभाची कुंची खणाची किंवा रेशमी कापडाची असून तिला जरीची किनार लावतात.

लंगोट: त्रिकोणी किंवा चौकोनी घडीचे, पाणी शोषणारे कापड. दिवसाकाठी अनेकदा बदलावे लागत असल्याने घरगुती बाळंतविड्यात संख्येने ते सर्वांत अधिक असत.

दुपटे: दोन पदरी कापडाचे पांघरूण. बाळाला गुंडाळणे, मांडीवर घेणे, अंथरणे व पुसणे अशा अनेक कामांसाठी ते वापरले जाते.

गोधडी: जुन्या कापडाचे अनेक थर धावदोऱ्याने एकत्र शिवून केलेले जाड अंथरूण किंवा पांघरूण. काही भागांत तिला वाकळ असेही म्हणतात. बाळासाठी तिची छोटी आवृत्ती शिवली जाते.

खेळणी व इतर वस्तू: चिंध्यांची बाहुली, कापसाने भरलेले पक्षी व प्राणी, पाळण्यावर टांगायची कापडी चिमणाळी, मोहरीची उशी, बाळंतिणीच्या वस्तूंसाठी बटवा इत्यादी.

यांखेरीज बाळंतिणीसाठी डिंकाचे व अळिवाचे लाडू, साजूक तूप, खारीक, खोबरे असे पदार्थ दिले जातात.

कापडाची निवड

घरगुती बाळंतविड्याचा पाया म्हणजे वापरलेले सुती कापड. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, जुना पंचा किंवा उपरणे यांना यासाठी मागणी असे. त्यामागे काटकसरीबरोबरच व्यावहारिक कारणही होते. कोऱ्या सुती कापडाला विणताना व विक्रीस आणताना खळ दिलेली असते. त्यामुळे ते ताठ राहते आणि पाणी लवकर शोषत नाही. वारंवार धुण्याने खळ निघून जाते, धागे मोकळे व लवचीक होतात आणि कापडाची शोषणक्षमता वाढते. बाळाची त्वचा पातळ व नाजूक असल्याने असे कापड तिला कमी घासते. नवे कापड वापरायचे असल्यास शिवण्यापूर्वी ते एकदोनदा धुणे इष्ट असते. त्यामुळे खळ व कापडावरील रासायनिक प्रक्रियेचे अवशेष कमी होतात, तसेच कापड जे काही आटायचे ते आधीच आटते.

नऊवारी लुगड्याची लांबी नऊ वार, म्हणजे सुमारे 8.2 मीटर असते. एक मीटर लांबीचे तुकडे केल्यास त्यातून आठ तुकडे, म्हणजे दोन पदरांची चार दुपटी निघतात. प्रत्यक्षात लुगड्याचा बसण्या-उठण्याने विरलेला भाग वगळावा लागतो. तो भाग गोधडीच्या आतील थरांत जातो, लहान तुकड्यांचे लंगोट होतात, काठ किनारीला वापरले जातात आणि उरलेल्या चिंध्या बाहुलीत भरल्या जातात. अशा रीतीने एका लुगड्याचा जवळजवळ कोणताही भाग वाया जात नाही.

नव्या कापडांपैकी मलमल व वायल ही पातळ कापडे झबल्यांसाठी, तर जाडसर मांजरपाट आधाराच्या थरांसाठी वापरला जातो. समारंभाच्या कपड्यांसाठी खणाचा वापर होतो. खणाचे कापड प्रामुख्याने उत्तर कर्नाटकातील गुळेदगुड्ड येथे विणले जाते.

शिवण्याची पद्धत

झबले शिवताना मापापेक्षा सैलपणाला अधिक महत्त्व असते. नवजात बाळाचे हात वळवून बाहीत घालावे लागतात, म्हणून बाही रुंद व मुंढा खोल ठेवतात. शक्य तेथे पाठ, पोट व बाह्या एकाच कापडात कापून सांधे कमी केले जातात. सांध्याची कडा कातडीला घासू नये म्हणून शिवण बाहेरच्या बाजूस ठेवण्याची किंवा कडा आत दुमडून शिवण चपटी करण्याची पद्धत आहे. दोऱ्याची गाठही आतल्या बाजूस येऊ दिली जात नाही.

गोधडीसाठी जुने कापड गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवतात. खालचा थर जमिनीवर ताणून पसरला जातो, त्यावर विरलेल्या कापडाचे तुकडे जोडून मधले थर रचतात आणि सर्वांत वर चांगले कापड येते. थर सरकू नयेत म्हणून प्रथम लांब टाक्यांनी ते टाचून घेतात. त्यानंतर कडेपासून आरंभ करून धावदोऱ्याच्या समांतर रांगा घातल्या जातात. रांगा बहुधा चारी कडांना धरून आत सरकत जातात आणि मध्यभागी संपतात. हे टाके शोभेपुरते नसतात. जवळजवळ असलेल्या रांगांमुळे आतील थर धुताना गोळा होत नाहीत आणि विरलेल्या कापडावर येणारा ताण अनेक टाक्यांत विभागला जातो. एकटे दुबळे झालेले कापड अनेक थरांत शिवल्यावर आणखी काही वर्षे टिकते, ते यामुळेच. मोठी गोधडी शिवताना दोघी-तिघी वेगवेगळ्या बाजूंनी बसतात. बाळाची गोधडी मात्र थोड्याच थरांची असल्याने एकटीला शिवता येते.

बाहुलीसाठी कापडाचे दोन सारखे आकार कापून ते उलट बाजूने शिवतात. एक लहान फट सोडून आकार सुलटा केला जातो, कापूस किंवा चिंध्या भरल्या जातात आणि फट बारीक टाक्यांनी बंद केली जाते. नाक-डोळे मणी किंवा गुंडी न लावता दोऱ्याने काढतात.

भरतकाम व सजावट

रोजच्या कपड्यांवर सजावट कमी असते. साखळी टाका, उलटी टीप किंवा गव्हाचा टाका घालून गळा व किनार सुशोभित केली जाते. समारंभाच्या कुंचीवर अधिक काम असते. महाराष्ट्राला लागून असलेल्या उत्तर कर्नाटकात इरकली लुगडी व खणाच्या चोळ्यांप्रमाणेच लहान मुलांच्या कुंच्यांवरही कसूती भरतकाम करण्याची परंपरा आहे. कसूतीतील गवंती व मुर्गी हे टाके कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात आणि काम गाठ न मारता सुरू केले जाते. त्यामुळे बाळाच्या डोक्याला लागणाऱ्या बाजूसही गाठी राहत नाहीत. दोन सुयांवरचे विणकाम व क्रोशाकाम यांचा प्रसार झाल्यावर लोकरीचे मोजे, टोपडी व स्वेटर हेही बाळंतविड्याचे नेहमीचे घटक बनले.

मराठवाड्यातील स्वरूप

मराठवाड्यातील जालना जिल्ह्यात, वाटूर, परतूर व मंठा या परिसरासह, काळ्या जमिनीत कापसाचे पीक घेतले जाते. अशा कापूस पिकवणाऱ्या भागांत कापूस आणि सुती कापड यांचा घरगुती वापर पूर्वापार चालत आला आहे. शेतीच्या कामांचे वर्षचक्र शिवणकामालाही लागू पडते. पेरणी, खुरपणी व कापूस वेचणीच्या दिवसांत स्त्रियांना उसंत नसते. गोधड्या उन्हाळ्यात, शेतात काम कमी आणि ऊन कडक असताना शिवणे सोयीचे ठरते, कारण धुतलेले जाड कापड त्या काळात लवकर वाळते. हिवाळ्यातील रात्री या पठारी प्रदेशात थंड असतात, त्यामुळे कुंची व गोधडी या वस्तू येथे शोभेच्या नसून गरजेच्या असतात. ज्या घरांत शिवायला वेळ किंवा हात नसतो, तेथे गावातील स्त्रियांकडून मजुरीवर गोधडी शिवून घेतली जाते. कापड घरचे आणि मेहनत दुसऱ्याची, अशी ही व्यवस्था असते.

बोरन्हाण

बाळासाठी घरी वस्तू तयार करण्याची परंपरा बारशावर संपत नाही. बाळाच्या पहिल्या मकर संक्रांतीला, संक्रांत ते रथसप्तमी या काळात, बोरन्हाण केले जाते. काही घरांत ते मूल पाच वर्षांचे होईपर्यंत करतात. एरवी बाळासाठी टाळल्या जाणाऱ्या काळ्या रंगाचे झबले किंवा परकर-पोलके या प्रसंगी मुद्दाम शिवले जाते. काळ्या कापडावर उठून दिसणारे हलव्याचे दागिने बाळाला घालतात. हलवा करण्यासाठी तीळ, साबुदाणा यांसारख्या दाण्यांवर मंद आचेवर थोडाथोडा साखरेचा पाक सोडून ते सतत हलवले जातात. पाक सुकत जातो तसा दाण्यांवर काटा येतो. हे दाणे दोऱ्यात बांधून मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, बासरी असे अलंकार केले जातात. त्यानंतर बाळाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे तुकडे, चुरमुरे व हलवा ओततात आणि जमलेली मुले ते वेचतात.

सामाजिक पैलू

बाळंतविड्यातून नात्यांचे जाळे दिसून येते. पणजीच्या लुगड्याचे दुपटे वापरल्याने तिचा आशीर्वाद बाळाला लाभतो, अशी भावना अनेक कुटुंबांत आहे. बाळाची गोधडी जपून ठेवून ती पुढच्या भावंडाला किंवा भाच्याला देण्याचीही पद्धत आहे. शेजारीण व मैत्रीण यांच्यासाठी ही भेट आर्थिक ऐपतीवर अवलंबून नसते. जुने कापड, सुई-दोरा व काही दुपारचा वेळ यांत ती तयार होते. परतफेडही तशीच, दुसरीच्या बाळंतपणात शिवून केली जाते.

या प्रथेला दुसरी बाजूही आहे. माहेरकडून येणाऱ्या बाळंतविड्याविषयी सासरच्या अपेक्षा ठरलेल्या असल्यास ही भेट मुलीच्या आईवडिलांवर आर्थिक भार ठरते. मुलगा झाला की थाटाचा आणि मुलगी झाली की बेताचा बाळंतविडा, असा भेदही काही कुटुंबांत केला जात असे. विधवा स्त्रियांकडून शिवणकाम करून घेतले जाई, परंतु बारशाच्या विधीत त्यांना मान मिळत नसे. हे संकेत अनेक ठिकाणी शिथिल झाले असले, तरी पूर्णपणे नाहीसे झालेले नाहीत.

घरातील शिवणकाम हे बहुतांशी बिनमोल मानले गेलेले स्त्रीश्रम होते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी या कौशल्याला उपजीविकेचे साधन म्हणून महत्त्व दिले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 मध्ये स्थापन झालेल्या पुण्यातील सेवासदनात शिक्षणाबरोबर शिवणकामासारखी कौशल्येही शिकवली जात. महात्मा गांधींनी 1924 मध्ये यंत्रांविषयी बोलताना शिवणयंत्र हा अपवाद मानला होता, कारण ते स्त्रीचे कष्ट हलके करण्याच्या हेतूने निर्माण झाले, असे त्यांचे मत होते. पुढे शिवणयंत्र मध्यमवर्गीय घरांत आल्यावर झबली व टोपडी यंत्रावर शिवली जाऊ लागली, तरी गोधडीचा धावदोरा बराच काळ हातानेच घातला जात राहिला.

बदलते स्वरूप

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नऊवारीची जागा पाचवारी साडीने घेतली आणि सुती साडीची जागा हळूहळू कृत्रिम धाग्याच्या साडीने घेतली. कृत्रिम धाग्याची साडी टिकाऊ, स्वस्त व लवकर वाळणारी असल्याने कष्टकरी स्त्रियांना ती सोयीची ठरली. परंतु ती घाम व पाणी फारसे शोषत नाही आणि कितीही धुतली तरी जुन्या सुती लुगड्यासारखी होत नाही. अशा साड्यांच्या गोधड्या रंगीत व टिकाऊ होत असल्या, तरी बाळाच्या अंगाला लागणाऱ्या कपड्यांसाठी त्या उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे घरगुती बाळंतविड्याचा मुख्य कच्चा माल दुर्मीळ झाला. त्याच काळात तयार कपड्यांचे संच व वापरून टाकण्याचे लंगोट बाजारात आले. रुग्णालयातील बाळंतपण, विभक्त कुटुंबे आणि स्त्रियांची नोकरी यांमुळे एकत्र बसून शिवण्याचे प्रसंगही कमी झाले.

दुसरीकडे, घरच्या हाताने शिवलेल्या भेटीला नव्याने मागणी येत आहे. महिला बचत गट व लहान उद्योग झबली-टोपडी, खणाच्या कुंच्या, हलव्याचे दागिने आणि सुती गोधड्या तयार करून विकतात. 1975 मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ अशा गटांच्या उभारणीचे काम करते. परदेशातील मराठी कुटुंबांतही भारतातून कुंची व गोधडी मागवण्याची किंवा आजीने सोबत नेण्याची पद्धत दिसते. नवे कापड विकत घेऊन शिवलेल्या गोधडीत काटकसरीचा मूळ हेतू राहत नाही. ओळखीच्या माणसाने बाळासाठी वेळ दिल्याची खूण, हाच तिचा मुख्य अर्थ उरतो.

सुरक्षिततेचे निकष

बाळाच्या झोपेविषयीच्या आधुनिक वैद्यकीय सल्ल्यामुळे काही पारंपरिक वस्तूंच्या वापरात बदल सुचवले जातात. अमेरिकन बालरोग अकादमीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या वर्षात बाळाला पाठीवर, सपाट व घट्ट पृष्ठभागावर झोपवावे आणि त्याच्याजवळ उशी, सैल पांघरूण किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत. अशा वस्तूंनी नाक-तोंड झाकले जाऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. त्या दृष्टीने मोहरीची उशी, सैल दुपटे व जाड गोधडी या वस्तू झोपलेल्या बाळाजवळ ठेवणे सुरक्षित नाही. बाळ जागे असताना, मोठ्यांच्या देखरेखीखाली जमिनीवर अंथरण्यासाठी गोधडी वापरता येते.

कुंचीचे व टोपड्याचे गळ्याशी येणारे बंद हाही लक्ष देण्याचा विषय आहे. युरोपात लागू असलेल्या मुलांच्या कपड्यांच्या मानकानुसार सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांत गळ्याशी व डोक्यावरील टोपीत ओढदोरी चालत नाही. म्हणून बंद आखूड ठेवणे आणि बाळाला झोपवण्यापूर्वी कुंची काढणे योग्य ठरते. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना मणी, गुंड्या, घुंगरे असे सुटून तोंडात जाऊ शकणारे भाग लावले जात नाहीत. हीच खबरदारी बोरन्हाणातील हलव्याचे दाणे, चुरमुरे व बिया असलेली बोरे यांबाबतही घ्यावी लागते.

अन्य प्रदेशांतील समान परंपरा

जुन्या कापडाचे थर शिवून बाळासाठी वस्त्र करण्याची रीत भारतीय उपखंडात अनेक ठिकाणी आहे. पश्चिम बंगाल व बांगलादेशात जुन्या साड्यांपासून कांथा शिवतात. बिहारमधील सुजनी ही मूलतः नवजात बाळाला गुंडाळण्यासाठी जुन्या कापडाचे तुकडे जोडून केलेली गोधडी होय. उत्तर कर्नाटकात कौदी शिवली जाते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया आपल्या गोधडीच्या कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात व त्यांना फुले म्हणतात. ती लावल्याशिवाय गोधडी पूर्ण झाली असे मानले जात नाही. कापडाची विणकरी व टाक्यांची नावे वेगळी असली, तरी मोठ्यांनी वापरून मऊ केलेले वस्त्र लहानग्याला पांघरणे, हे या सर्व परंपरांचे समान सूत्र आहे.